इरकली लुगड्याचा पदर

आपल्या घरातील पेटीत आईचे किंवा आजीचे एखादे इरकली लुगडे जपून ठेवलेले असेल, तर आज दिवसाउजेडी ते उघडून पाहा. त्याचे अंग आणि काठ आपण नेहमीच पाहतो. आज जेथे अंग संपते आणि तांबडा पदर सुरू होतो, ती रेघ पाहा. उलट्या बाजूने तिच्यावरून बोट फिरवा. तेथे शिवण लागणार नाही आणि गाठही लागणार नाही. नीट न्याहाळले म्हणजे दिसेल की, अंगाचा सुती धागा पदराच्या रेशमी धाग्यात वळसा घालून अडकवलेला आहे. एका माणसाने आपले बोट दुसऱ्याच्या बोटात गुंतवावे तसे ते दोन धागे परस्परांना धरून असतात. लुगड्याच्या सबंध पन्ह्यात असे धागे हजारांनी असतात. मला आज जे सांगावयाचे आहे ते या एका रेघेविषयी आहे. इरकली लुगडे कसे विणतात, ते कसे नेसतात आणि ते आज कोणत्या अडचणीत आहे, हे सर्व त्या रेघेपाशी येऊन मिळते.

इरकल हा आपला मराठी उच्चार. कन्नडमध्ये गावाचे नाव इळकल असे आहे. आपल्या बोलण्यात त्यातील ळकाराचा रकार झाला. हे गाव कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात, सोलापूरहून विजापूरमार्गे होस्पेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथील तांबडा ग्रॅनाइट दगडही प्रसिद्ध आहे. चालुक्यांची बदामी आणि ऐहोळे याच टापूत येतात. येथील विणकामाची परंपरा आठव्या शतकापर्यंत मागे नेतात आणि बळ्ळारीच्या बाजूच्या जुन्या पाळेगारांनी तिला आश्रय दिला असे सांगतात. परंपरेतील काळाचा असा हिशेब कोणी काटेकोर समजू नये. परंतु ज्या मुलखात कापूस आणि ज्वारी पिकते, जेथे घरोघर माग बसविण्याजोगे मनुष्यबळ आहे, तेथे हा धंदा रुजला यात नवल नाही. उत्तर कर्नाटकातील विणकरांत देवांग, कुरुहिनशेट्टी, पटसाळी, पद्मसाळी, स्वकुळ साळी अशा अनेक समाजांची माणसे आहेत. त्यांपैकी काहींच्या घरात कन्नड, काहींच्या घरात तेलुगू, तर काहींच्या घरात मराठी बोलली जाते. मागावर मात्र सर्वांची परिभाषा एकच होते.

या मुलखाने राजवटी पुष्कळ पाहिल्या. १७८६ साली पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजांनी टिपूकडून बदामीचा किल्ला घेतला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पुढे हा भाग मुंबई इलाख्यात आला, त्याचा कलादगी जिल्हा झाला आणि १८८५ साली जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून विजापूरला गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विजापूर, धारवाड आणि बेळगाव हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि १९९७ साली विजापूर जिल्ह्यातून बागलकोट जिल्हा वेगळा निघाला. एवढ्या घडामोडींत इरकली मालाचे गिऱ्हाईक मात्र फारसे बदलले नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव आणि मराठवाडा येथील शेतकरी व कष्टकरी घरांतील स्त्रिया हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. लुगडे कन्नड मुलखात विणावे आणि त्याची घडी मराठी घरात मोडावी, असा हा फार जुना व्यवहार आहे.

आता त्या रेघेकडे वळू. साधारण साडी विणताना मागावर एकच लांब ताणा चढवितात. ताणा म्हणजे उभे धागे. त्या एका ताण्यावर एकामागून एक अनेक साड्या विणून निघतात. पदर आला की विणकर धोट्यातील आडवा धागा, म्हणजे बाणा, बदलतो. उभा धागा तोच राहतो. इरकली लुगड्याला हा सोपा मार्ग चालत नाही. त्याच्या अंगाचा ताणा सुती असतो आणि पदराचा ताणा रेशमी. काठाचा ताणा तिसरा. तोही रेशमी, आणि रंगाने पदरासारखाच. हे तीन ताणे वेगवेगळे तयार करावे लागतात. नंतर अंगाचे उभे धागे पदराच्या उभ्या धाग्यांत एकेक करून अडकवितात. या जोडणीला विणकर ‘कोंडी’ म्हणतात. एका लुगड्याचा ताणा एका लुगड्यापुरताच. दुसरे विणावयाचे म्हणजे पुन्हा तीन ताणे, पुन्हा तीच जोडणी. ताणा आखणे, त्याला खळ पाजणे, कांड्या भरणे ही कामे बहुधा घरातील स्त्रिया करतात. पुरुष खड्डामागावर बसतो, पण लुगडे सबंध घर विणीत असते. एवढे केल्यावर सुमारे सात दिवसांत एक साडी मागावरून उतरते.

हा सारा खटाटोप कशासाठी? उत्तर साध्या हिशेबात आहे. नऊवारी लुगड्याची लांबी ३२४ इंच असते. इरकली पदराचे रेशीम १६ ते २७ इंच. म्हणजे जास्तीत जास्त बारावा हिस्सा. उरलेले अंग सुताचे. सबंध रेशमी वस्त्र ज्या घराला परवडत नाही, त्या घरातील स्त्रीलाही सणासुदीस रेशीम ल्यावेसे वाटते. विणकराने तिची अडचण ओळखली. जे रेशीम निऱ्यांत आणि काष्ट्यात दडून जाणार त्याचा खर्च त्याने वाचविला. जे डोक्यावर, खांद्यावर आणि काठांवर चारचौघांच्या नजरेस पडणार तेवढेच ठेवले. शिवाय सुती अंग घामाला सोसते, धुण्याला टिकते, शेतात आणि चुलीपुढे त्याची भीड बाळगावी लागत नाही. मात्र रेशमी पदर सुती लुगड्याला शिवून जोडला असता, तर ते ठिगळ दिसले असते. गरिबीची खूण वस्त्रावर दिसू नये म्हणून विणकराने जोड विणीत मुरविली. कोंडीमागे ही माणुसकी आहे, असे मला वाटते.

पदराच्या वेलबुट्टीत जरतारी मोर किंवा कुयऱ्या नाहीत. तांबड्या रेशमाचे तीन भरीव पट्टे आणि त्यांच्या मधोमध पांढरी नक्षी, अशी त्याची मांडणी. या पदराला ‘टोपे तेनी’ म्हणतात. कन्नडमध्ये तेने म्हणजे कणीस. पदराच्या कडेला दातेरी आकृती असतात. त्यांतील एकीला हणिगे म्हणजे फणी म्हणतात, दुसरीला कोटी कम्मी म्हणजे किल्ल्याचा तट, तिसरीत ज्वारीचे कणीस दिसते, तर चौथीत डोंगरांची रांग. फणी घरातली, कणीस शेतातले, तट आणि डोंगर गावाबाहेरचे. दररोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूच विणकराने पदरावर आणल्या आहेत. हा पदर विणताना तीन धोटे चालवावे लागतात.

काठ चार ते सहा इंच रुंद, तांबडे किंवा किरमिजी, त्यांत पिवळसर नक्षी. गोमी, चिक्की परास, दोड्ड परास, गाडी ही त्यांची नावे. मराठी स्त्रिया दुकानात गेल्या की आधी काठाचे नाव घेतात, मग रंगाचे. अंगावर बहुधा उभ्या रेघा किंवा चौकडी असतात. डाळिंबी, मोरपंखी आणि पोपटी हे जुने रंग. नवरीसाठी गिरी कुंकू नावाची गडद छटा निराळी असते. आणि काळी चंद्रकळा! संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसण्याची आपली चाल सर्वांना ठाऊक आहे. कन्नड घरांतही तांबड्या काठाच्या काळ्या साडीला चंद्रकाळी म्हणतात, आणि तिच्यावर कसुतीचे भरतकाम करून ती नवरीला देण्याची रीत आहे. कसुती ही धारवाड भागातील कशिद्याची कला. ती कापडावर छाप न काढता, धागे मोजून भरतात. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन अशा आकृती त्यातून उमटतात. इरकली लुगड्यावर चोळी हवी ती खणाची, आणि खण हवा तो बदामीजवळच्या गुळेदगुड्डचा. लुगडे आणि खण शेजारच्या दोन गावांतून येऊन मराठी सुवासिनीच्या ओटीत एकत्र पडतात.

आता लुगडे नेसण्याविषयी सांगतो. ज्यांच्या घरात नऊवारी अजून नेसतात त्यांना हे सांगण्याची गरज नाही. पण आजच्या पुष्कळ तरुण मुलींना शिवलेली नऊवारी अंगात घालणे एवढेच माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगतो. लुगडे पाठीमागून कमरेभोवती घ्यावे. एका बाजूचे टोक आखूड ठेवावे, पदराकडची बाजू लांब सोडावी आणि पोटाशी घट्ट गाठ मारावी. या गाठीवर सारे लुगडे तोलून राहते. नाडी किंवा टाचणी लागत नाही. मग पदराची बाजू पाठीमागून फिरवून काखेखालून पुढे आणावी आणि छातीवरून खांद्यावर टाकावी. पदर किती लांब हवा तो आधीच ठरवावा. डोक्यावरून घ्यावयाचा असेल तर हातभर जास्त. पदर आणि गाठ यांच्यामध्ये जो कापडाचा झोळ उरतो त्याच्या निऱ्या घालाव्या, काठ काठाला जुळवावा आणि त्या बेंबीपाशी खोचाव्या. शेवटी निऱ्यांची खालची कड दोन्ही पायांमधून मागे न्यावी, तिच्या चुण्या करून कमरेला पाठीमागे खोचावी. हा काष्टा. तो नीट बसला की दोन्ही पोटऱ्यांवर काठ सारखे उतरतात आणि चालताना पायात कापड अडकत नाही. पुढच्या निऱ्यांचा थोडा भाग वर ओढून घेतला की ओचा होतो. त्यात शेंगा, कणसे, सुटे पैसे सारे मावते.

घरोघर, जातोजाती आणि गावोगाव यात फरक आहेत. शेतात काम करणारी स्त्री लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेते आणि पदर कमरेला खोचते. देवळात जाणारी स्त्री तेच लुगडे घोट्यापर्यंत सोडते आणि पदर डोक्यावरून घेते. काष्टा न घालता गोल नेसण्याची पद्धतही कर्नाटकात आणि आपल्याकडे आहे. पण इरकली लुगड्याची रचना या नेसण्याला ओळखून केलेली आहे, हे विसरता येत नाही. जे सहा-सात वार निऱ्यांत, काष्ट्यात आणि कमरेभोवती जातात ते सुती. सुताला पकड असते, गाठ सैल होत नाही. जे डोक्यावरून खांद्यावर येते ते रेशीम. पदर डोक्यावर घेऊन दुसऱ्या खांद्यावरून पुढे आणला की टोपे तेनीचे तांबडे टोक बरोबर हाताशी येते. नेसणारीचे अंग आणि विणणाऱ्याचा माग यांचा असा मेळ बसलेला आहे.

हा मेळ विसाव्या शतकात हळूहळू सुटला. सकच्छ नेसावे की विकच्छ, यावर मराठी सुशिक्षित समाजात एके काळी हिरिरीने वाद झाला. वाद संपण्यापूर्वीच महागाईने निकाल दिला. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ साली सरकारने कापड आणि सूत यांवर नियंत्रण आणले, आणि नऊ वार कापड मिळविणे ही चैन ठरू लागली. पाचवारी आणि सहावारी गोल साडी शहरांतून गावांत गेली. मागावर याचा परिणाम काय झाला, त्याचा विचार क्वचितच होतो. साडी नऊ वारांची सहा वार झाली. पण कोंडी तेवढीच राहिली. धागे तेवढेच जोडावयाचे, तीन ताणे तेवढेच करावयाचे. विकावयास कापड मात्र एक तृतीयांशाने कमी. बारीक काम करणाऱ्याच्या वाट्याला असा तोटा येतो आणि तो कोणाच्या वहीत मांडलेला नसतो.

त्याआधीच पदरात कृत्रिम रेशीम शिरू लागले होते. नंतर यंत्रमाग आला. यंत्रमागावर लांब ताणा चढवून इरकली काठांच्या आणि तांबड्या पदराच्या साड्या भराभर निघतात; पण त्यांत कोंडी नसते. तेथे पदराला केवळ आडवा धागा तांबडा घालतात. दूरून फरक कळत नाही, किंमत मात्र पुष्कळ कमी. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत ज्या घरांतून पूर्वी हातमागाचा आवाज येई, तेथे आज यंत्रमाग खडखडतात. त्या विणकरांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांनाही संसार आहे. हातमागाला संरक्षण मिळावे म्हणून काही वस्तू त्याच्यासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला, त्यात साडीही आहे. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. इरकली साडीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण कायद्याचे कलम बाजारात गिऱ्हाइकाच्या शेजारी येऊन उभे राहत नाही. तेथे गिऱ्हाइकालाच ओळख असावी लागते.

ती ओळख कठीण नाही. पदराची घडी उलगडून उजेडात धरा. पदराचे उभे आणि आडवे, दोन्ही धागे तांबडे असतील तर त्याचा रंग सलग आणि दाट दिसेल. अंगाचे हिरवे किंवा काळे उभे धागे तसेच पदरात शिरले असतील, तर तांबड्यात त्यांची झाक मारते. ते अस्सल नव्हे. मग अंग आणि पदर यांच्या सांध्यावर उलट्या बाजूने बोट फिरवा. वळशांची बारीक रांग बोटाला लागली की समजावे, येथे कोणी तरी एकेक धागा हाताने अडकविला आहे. अशी साडी घरी आणल्यावर पहिल्या खेपेस ती वेगळी, थंड पाण्यात धुवावी. पिळू नये, सावलीत वाळवावी. तांबडा रंग पहिल्या पाण्यात थोडा सुटण्याचा संभव असतो. आणि ती नेसावी. पेटीत जपलेल्या लुगड्याला कसर लागते. नेसलेल्या लुगड्याचे मागणे पुन्हा मागापर्यंत पोहोचते.

शेवटी एका शब्दाविषयी बोलतो आणि थांबतो. मराठीत कोंडी म्हणजे अडवणूक. वाट बंद होणे, माणूस चहूकडून अडकणे. कन्नडमध्ये कोंडी म्हणजे कडी, दुवा. एकाला दुसऱ्याशी जोडणारी गोष्ट. सीमाभागातील मराठी माणसाने हा शब्द दोन्ही अर्थांनी अनुभवला आहे. सीमेचा प्रश्न हा आजच्या भाषणाचा विषय नव्हे. तो ज्याच्या त्याच्या जागी आहे आणि त्याचे दुःखही खरे आहे. पण कन्नड मुलखातील विणकर एकेक धागा अडकवून जे लुगडे विणतो, ते मराठी घरातील मुलगी लग्नात, बारशाला, संक्रांतीला नेसते, हेही तितकेच खरे आहे. हातमागाच्या विणकराची आज जी कोंडी झाली आहे ती मराठी अर्थाची आहे. त्याने जोडलेला पदर ओळखून जी स्त्री तो मागून घेईल, तिच्यामुळे ती सुटण्याला थोडी वाट मिळेल. म्हणून पुढच्या खेपेस दुकानदाराने इरकली साडी पुढ्यात टाकली, तर काठाचे नाव विचारण्यापूर्वी एवढेच म्हणा: पदर उलटा करून दाखवा.